सभासद नसलेली मरीमाय

भिलाई, जि. दुर्ग
ता. ९ जून १९५७, रविवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटे

तीर्थरूप रामाजी मामा यांचे चरणी भाचा तेजराम याचे शि. सा. न. वि. वि.

या घटकेला मी फाटकाजवळ स्टुलावर बसलो आहे. बांबूवर चाकूने फुटांच्या खुणा करीत होतो, ते काम बाजूला ठेवून हे पत्र लिहायला घेतले. बांबू कशाला, ते पुढे येईलच.

मी ज्या पोहण्याच्या तलावावर फाटकवाला आहे तो साहेब लोकांच्या क्लबाचा आहे, हे तुम्हाला मागे कळवलेच आहे. कारखान्याचे मोठे इंजिनियर, त्यांच्या घरची मंडळी आणि रशियाहून आलेले तज्ज्ञ एवढेच सभासद. केवलराम पंपवाला एका टोकाने पाणी सोडतो, ते दुसऱ्या टोकाने बाहेर जाते. झाडलोट चिंधू करतो. तो इथलाच, छत्तीसगढी. त्याच्या बापाची शेती कारखान्यात गेली. आणि फाटकावर मी. आतापर्यंत माझे काम एवढेच होते, की पितळी बिल्ला असेल त्याला आत सोडावे व नसेल त्याला सोडू नये.

पण आता फ्लूची साथ आली. आमच्या बराकीत माझ्या दोन्ही अंगाचे खाटवाले जूनच्या उन्हात गोधड्या पांघरून कुडकुडत आहेत. क्लबाच्या डॉक्टर साहेबांनी नियम काढले. आत येण्याआधी फाटकावर मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्या. तोंडात थर्मामीटर धरावा व पारा नव्व्याण्णवच्या वर गेला तर परत जावे. पाण्यात दोघांमध्ये सहा फूट अंतर ठेवावे. पाण्यात शिंक आली तर बाहेर निघावे व तीन दिवस येऊ नये. सभासद नसलेल्याने कुंपणाच्या आत पाऊल टाकू नये. पाहुणा असेल तर सभासदाने त्याच्या नावापुढे सही करावी व चार आणे, म्हणजे नवीन चलनात पंचवीस नये पैसे, भरावे. सेक्रेटरी साहेबांनी हे सभेत वाचले आणि हे पाळून कोण घेणार असे विचारले. सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिले, मग खाली पाहिले. खाली स्टुलावर मी बसलो होतो.

नियमांचा कागद मी फाटकावर चिकटवला. पण पाण्यात सहा फूट कोणाला दिसत नाहीत, म्हणून बांबू.

मामाजी, माझी काळजी वेगळीच आहे. नोकरी अजून कच्ची आहे. सेक्रेटरी साहेब म्हणाले, की तीस तारखेपर्यंत तलावामुळे एकही सभासद आजारी पडला नाही आणि एकाही सभासदाने तुझी तक्रार केली नाही, तर तुला कायम करतो. नियम पाळून घेतले तर तक्रार होते. नाही घेतले तर लोक आजारी पडतात. ही दोन्ही कामे एकाच माणसाने कशी करावी हे मला अर्ध्या सातवीत कोणी शिकवले नाही. आणि कायम झालो नाही तर पंजाबराव गेटमन आपली मुलगी रंभा देणार नाहीत, हे तुम्हीच त्यांच्याशी बोलून आलात. मी रंभाला दुर्ग स्टेशनवर एकदाच पाहिले. तिने मला पाहिले की माझ्यामागच्या मालगाडीला, हे अजून ठरले नाही.

मामीला दंडवत. तुमचा लोभ आहेच. त्याला गुळण्या लागत नाहीत, थेट यावा.

आपला आज्ञांकित
तेजराम

&nbsp;

मु. परसोडी, जि. भंडारा
ता. १४ जून

चि. तेजराम यास रामाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझ्या मामीने ते दोनदा वाचून घेतले आणि दोन्ही वेळा बांबूपाशी हसली. तू लहानपणी गुरे गोठ्यात घेताना त्यांचे खूर पुसायचास, त्याची तिला आठवण झाली. म्हणाली, की पोरगा तोच आहे, गुरे तेवढी बदलली.

तुझी चूक सांगू काय? तू कागद चिकटवून बसलास. कागद वाचून माणूस थांबत नाही, तोरण पाहून थांबतो. आपल्या गावात मरी आली तेव्हा आपण काय केले ते आठव. गाव बांधले. हळदीचा दोरा चौफेर फिरवला, वाटेवर कडुनिंबाचे तोरण लावले. पाटलाचा पाहुणासुद्धा तोरणाखाली मुकाट उभा राहिला, पाय धुतल्याशिवाय आत आला नाही. तुझ्या टाक्यालाही तसेच बांध. साहेब झाला तरी डोक्यावर पाला लोंबला की थबकतोच.

पंजाबरावाचे म्हणणे मात्र पक्के आहे. नोकरीचा कागद आधी, नारळ मग. त्या माणसाचा जन्म फाटकावर गेला, त्याला अर्धवट उघडे काही चालत नाही.

तोरण बांधलेस की मग मात्र एक गोष्ट न विसरता पाळावी लागते, ती अशी की

(कडेने लिहितो. कार्ड संपले. लोभ आहे, जागा नाही. रामाजी)

&nbsp;

भिलाई
ता. १९ जून, बुधवार, सकाळी अकरा वाजता. आता फाटकावर कोणी नाही

तीर्थरूप मामाजींस शि. सा. न. वि. वि.

कार्ड मिळाले. तुमचे सांगणे मानून चिंधूला बरोबर घेतले आणि कुंपणाच्या तारेभोवती हळदीचा दोरा चौफेर फिरवला, फाटकावर कडुनिंबाचे तोरण लावले. दोरा तलावाच्या मागच्या तारेवरूनही नेला, कारण अर्धे बांधले तर बांधले कशाला. चिंधूने एकदा विचारले, की बाबू, पूरा बांधना है क्या, सोच लो. मी म्हणालो पूरा.

मामाजी, काय सांगू. दुसऱ्या दिवसापासून सगळे आपोआप थांबू लागले. डॉक्टर साहेब तर खूष झाले. म्हणाले, की कडुनिंबाने जंतू मरतात, हे माझे लिहायचे राहून गेले होते. सेक्रेटरी साहेबांच्या बाईसाहेब आधी म्हणायच्या, की मी रोज दात घासते, गुळण्या कशाला. आता तोरणाखाली डोळे मिटून गुळण्या करतात आणि वर हात जोडतात.

अडचण होती ती एका रशियन साहेबांची. त्यांचे नाव मला बिनचूक लिहिता येते, पण म्हणता येत नाही. त्यांना सूर्याकडे पाहिले की शिंक येते. मी त्यांना तीन दिवस बंदी सांगितली. त्यांनी दुभाष्यामार्फत विचारले, की आजाराची शिंक आणि उजेडाची शिंक यांत तुमच्याकडे फरक नाही काय. मी म्हणालो, पाण्याला कळत नाही. त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. तीन दिवसांनी आले ते गवताची मोठी टोपी घालून. आता टोपीसकट पोहतात. टोपीच्या काठापासून मोजायचे की डोक्यापासून, हे मी डॉक्टर साहेबांना विचारले आहे.

काल दुपारी निळ्या सदऱ्यातला एक म्हातारा रेल्वेवाला आला. ऊन कडक होते. म्हणाला, पोरा, घोटभर पाणी पाज, आत नळ दिसते. मी म्हणालो, सभासद नसल्याने आत येता येणार नाही, इथे गुळण्यांचे पाणी आहे. ते मी दिले, तर ते तो प्यायला. मी म्हणालो, हे पिण्यासाठी नाही. तो म्हणाला, कावून रे, तू आपल्या बापालेही असाच उभा करशील? मी म्हणालो, बाप सभासदाबरोबर आला आणि चार आणे भरले तर आत घेईन. शेवटी माझ्या डब्यातले पाणी त्याला दिले. जाताना तो हसत होता की खोकत होता ते कळले नाही. खोकत असेल तर मी अंतर ठेवायला हवे होते, म्हणून तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

त्या कार्डावर अपुरी राहिलेली गोष्ट कोणती, ती लवकर कळवावी. मोठ्या अक्षरात लिहू नये, ही नम्र सूचना. लोभ कार्डाच्या कडेवर का असेना, ठेवावा.

आपला
तेजराम

&nbsp;

रेल्वे फाटक, दुर्ग लाइन
ता. २० जून

रा. रा. रामाजीभाऊ परसोडीवाले यांस पंजाबराव गेटमनचा रामराम.

भाऊ, मी तुमच्या भाच्याला पाहून आलो. सांगून गेलो नाही. सांगून गेल्यावर सिग्नल नेहमी चांगलाच दिसतो.

त्याने मले आत घेतलं नाही. गुळण्यांचं खारट पाणी पाजलं आणि वरून म्हणे, हे पिण्यासाठी नाही. घरी येऊन सांगितलं तर राधाबाई तापली. म्हणे, सासऱ्याले घोटभर पाणी न देणारा जावई नोको मले. मी तिला समजावलं, की ओळखीच्यासाठी फाटक उघडणारा गेटमन एक दिवस कोणाचा तरी जीव घेते. हा पोरगा उघडणारा नाही. आणि नियम संपल्यावर त्याने मले आपल्या डब्यातलं पाणी दिलं, हेही मी पाहिलं.

रंभाने एवढंच विचारलं, की ते नेहमीच छापल्यासारखे बोलतात काय. मी म्हणालो, असं दिसते.

एक चांगलं आहे. त्याच्या तलावाच्या मागच्या तारेपासून माझं फाटक हाकेवर आहे. मध्ये नुसतं मैदान. पोरगी दिली तरी राधाबाईला अंगणातून दिसत राहील. पण भाऊ, कच्च्या नोकरीवर मी नारळ फोडणार नाही. तीस तारखेला कागद हातात, मग लाइन क्लिअर. तोवर माया इंजिनासारखी यार्डात उभी असू द्यावी, वाफ कायम ठेवून.

पंजाबराव

&nbsp;

भिलाई
ता. २४ जून, सोमवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

तीर्थरूप मामाजींस शि. सा. न. वि. वि.

मी फाटकाच्या आत उभा आहे आणि फाटकाच्या बाहेर मरीमायचा गाडा उभा आहे.

तोच, जो आपल्याकडे साथ आली की लोक काढतात आणि पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडतात. लाकडाचा, गुडघ्याएवढा, चार चाके. वर हिरवे लुगडे, बांगड्या, लिंबे, शेंदूर लावलेली मातीची मूर्ती, आणि मागे पाय बांधलेली एक जिवंत काळी कोंबडी. कोंबडी माझ्याकडे पाहत आहे.

चिंधू म्हणाला, रिसालीकडचे लोक पहाटे डफडे वाजवत आले आणि ठेवून गेले. मी विचारले, इथे का? हा तर तलाव आहे. चिंधू म्हणाला, बाबू, मैं पूछे रहेंव. दोरा बांधे, तोरण बांधे, अब ए हा गाँव होगे. म्हणजे मी आधीच विचारले होते; आता हे गाव झाले, आणि गाव म्हटल्यावर गाडा त्याच्या शिवेवर येणारच. आता हा या गावाने पुढे न्यायचा. नेईपर्यंत कोणी त्याला ओलांडायचे नाही. असे म्हणून तो बाहेर झाडाखाली जाऊन बसला. केवलराम पंपवाला त्याच्या शेजारी बसला. माळीही बसला. पंप बंद आहे. कुंपणाला दुसरे दार नाही.

सात वाजता सभासद येतील. मी काल रात्री ठरवले होते, की आजपासून सहा दिवस कोणाला दुखवायचे नाही.

(दुपारी पुढे लिहीत आहे.) सेक्रेटरी साहेब आले. म्हणाले, लाथ मारून बाजूला कर. मी म्हणालो, साहेब, आपण मारावी, मी फाटक धरतो. ते म्हणाले, लाथ मारणे सेक्रेटरीचे काम नाही. तेवढ्यात त्यांच्या घरून नोकर निरोप घेऊन आला, की बाईसाहेबांनी सांगितले आहे, त्या गाड्याला हात लावलात तर घरी येऊ नका. साहेब मोटारीत जाऊन बसले. डॉक्टर साहेबांनी गाड्यापासून फाटकापर्यंतचे अंतर मोजायला माझा बांबू मागितला. बाकीचे सभासद टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभे राहिले आणि ऊन चढल्यावर परत गेले.

पाणी हिरवे पडू लागले आहे. तीस तारीख रविवारी आहे. मामाजी, त्या कार्डावर राहिलेली गोष्ट हीच होती काय? आता काय करावे ते लगेच लिहा. हात जोडून सांगतो, कार्डावर लिहू नका.

तेजराम

&nbsp;

परसोडी
ता. २६ जून

चि. तेजराम यास आशीर्वाद.

लिफाफा घेतला आहे, बघ.

होय रे बाबा, तीच गोष्ट. तोरण बांधले की गाव होते, गाव झाले की शीव होते आणि शीव झाली की गाडा येतो. दारात गाडा आला तर तो आनंदाने पुढे न्यावा लागतो, एवढेच लिहायचे राहिले होते. तुझी मामी म्हणते, की तुमच्या त्या थोर अक्षराने पोराची नोकरी जाईल. ती माझ्याशी कालपासून बोलत नाही, नुसते वाढते.

आता नीट वाच. गाडा उलटा पाठवायचा नाही. जाळायचा नाही, मोडायचा नाही. बाजूने वळसा घालूनही न्यायचा नाही. गावातून न्यायचा आणि मागच्या शिवेने काढायचा. गावातल्या प्रत्येक घरचा एक हात गाड्याला लागला पाहिजे. तुझ्या गावातली घरे म्हणजे तुझे सभासद, असे मला वाटते. मागच्या शिवेपलीकडे जे घर पहिले लागेल त्याच्या दारी सोडायचा. पुढे त्याचे त्याने पाहावे. वाहते पाणी लागले तर तिथेच बुडवून माय थंड करतात, मग कोणाच्याच दारी जात नाही; पण तुमच्याकडे शिवनाथ नदी लांब, म्हणून तो विचार सोड.

पंजाबरावाचेही पत्र आले आहे, ते सवडीने फोडीन, तुझे काम आधी. पुढे कोणते घर लागते ते मला माहीत नाही. ज्याचे असेल त्याचे असो, बिचारा.

माया करतोच, तू नोकरी धर.
रामाजी

&nbsp;

भिलाई
ता. ३० जून १९५७, रविवार, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. स्टुलावर बसलो आहे

तीर्थरूप रामाजी मामा यांचे चरणी तेजरामचे शि. सा. न. वि. वि.

मामाजी, ते बिचारे पहिले घर पंजाबराव गेटमन यांचे आहे.

निळ्या सदऱ्यातला तो म्हातारा तेच होते, हेही मला शुक्रवारी कळले. सगळे क्रमाने लिहितो.

तुमचा लिफाफा शुक्रवारी सकाळी मिळाला. मी तो सेक्रेटरी साहेबांना हिंदीत सांगितला. पाणी तोवर इतके हिरवे झाले होते, की वरून चिमणी चालत गेली असती. साहेब म्हणाले, जे करायचे ते कर, पण आज कर. सभासदांना बोलावले. ते पोहण्याच्या चड्ड्यांवर आले, कारण बोलावणे तलावावरून होते. चिंधूच्या लोकांनी डफडे आणले. सगळ्यांनी गाड्याला हात लावला आणि ढकलला. तोरणाखाली येताच मी फाटक लावले.

मला समजून घ्या. मरीमाय सभासद नाही. तोरणाखालून बिल्ल्याशिवाय आजवर मी कोणाला सोडले नव्हते, पंजाबरावांनासुद्धा. आज सोडले असते तर उद्या कोणीही म्हणाला असता, की तिला सोडलेस, मले कावून नाही? सेक्रेटरी साहेब ओरडले, की अरे मूर्खा, ती देवी आहे. डॉक्टर साहेब म्हणाले, की मुलगा बरोबर बोलतो आहे, नियम माझे आहेत आणि त्यात देवीला सूट नाही.

मग तिला कोणाची पाहुणी म्हणून लिहायचे, असे मी विचारले. सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिले, मग खाली पाहिले. रशियन साहेब टोपी सावरत पुढे आले. दुभाष्याला विचारले, ही कोण. दुभाष्या म्हणाला, आई. साहेब म्हणाले, आई दारात उभी आहे आणि तुम्ही सही शोधता? आणि त्यांनी सही केली.

थर्मामीटर मूर्तीच्या तोंडाजवळ धरला तर पारा एकशे सातवर गेला. ऊनच तसे होते. डॉक्टर साहेब म्हणाले, परत पाठवा, तीव्र ज्वर आहे. चिंधू म्हणाला, डाक्टर साहब, एला जर नइ आय, एही तो जर आय. म्हणजे हिला ताप नाही, ही स्वतःच ताप आहे. डॉक्टर साहेबांना ते पटले नाही. शेवटी बाईसाहेबांनी आपली छत्री धरली, ओला टॉवेल घातला, आणि पाऊण तासाने पारा साडेअठ्ठ्याण्णवला आला. गुळण्यांसाठी कोंबडीच्या चोचीत चमचाभर पाणी सोडले. तिने ते लगेच थुंकले, म्हणजे आजवरच्या कोणाहीपेक्षा नीट केले. मूर्तीला नुसते ओठ ओले केले. मग मी फाटक उघडले.

गाडा आत आला तसा केवलरामही मागून आत आला आणि चार दिवस पंप बंद ठेवल्याची भीती मनात असल्याने सर्वांत आधी धावत जाऊन तो सुरू केला.

आम्ही गाडा तलावाच्या काठाने मागच्या तारेपर्यंत नेला. चिंधूने तार वर उचलली. आणि समोर मैदानाच्या टोकाला पंजाबराव उभे होते, दोन्ही हातांत लाल बावटा आडवा धरून. मागे राधाबाई. तिच्या मागे रंभा.

त्यांनी तिथून हाक मारली, की तेजराम, तो गाडा माह्या फाटकावर आणशील तर लगीन तिथंच थांबलं समज. घरात चार जण आहेत, एकाले आताच कणकण आहे. मी लाइन क्लिअर देणार नाही. इकडून सेक्रेटरी साहेब म्हणाले, ढकल, नाहीतर परवापासून या स्टुलावर दुसरा बसेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मागे फिरवायला तुम्ही मनाई केलेली. डफडे थांबले. चड्डीवरचे सगळे साहेब माझ्याकडे पाहू लागले. मामाजी, माझ्याजवळ या गोष्टीसाठी नियम नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा नव्हता. मी गाडा बोटभर पुढे ढकलला आणि पुन्हा धरून ठेवला, तशा त्यावरच्या बांगड्या वाजल्या.

तेव्हा पंपाचा आवाज कानावर आला. मी डॉक्टर साहेबांना विचारले, की साहेब, आपल्या तलावाचे पाणी साचलेले धरायचे की वाहते? त्यांना या प्रश्नाचा फार आनंद झाला. म्हणाले, शंभर टक्के वाहते, एका टोकाने येते, दुसऱ्याने जाते, म्हणून तर आरोग्याला चांगले, मी हे सभेत सांगितले होते, तेव्हा कोणी ऐकले नाही.

मग मी गाडा वळवला आणि उथळ टोकाच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरवला.

तो तरंगला. लिंबे सुटून आजूबाजूला पोहू लागली. पण मधोमध जाऊन गाडा गोल फिरत राहिला, बाहेर जाणाऱ्या पाण्याकडे जाईना. कोणी पाण्यात उतरेना. सहा फुटांचे अंतर त्या दिवशी कोणाला सांगावे लागले नाही, सगळे साठ फुटांवर होते. मला पोहता येत नाही, आणि नोकरांनी पाण्यात उतरू नये असा नियमही आहे. मी बांबू घेतला आणि सदऱ्यासकट छातीएवढ्या पाण्यात गेलो. बांबूने तिला हळूहळू त्या टोकापर्यंत लावले. तिथे लुगडे भिजून जड झाले, आणि माय खाली बसली. चिंधू काठावरून मोठ्याने म्हणाला, माता जुड़ागे, माता जुड़ागे. म्हणजे थंड झाली. डफडे पुन्हा वाजले. रशियन साहेबांनी टोपी काढली, त्यांनी सूर्याकडे पाहिले आणि त्यांना शिंक आली. मी पाण्यातूनच तीन दिवस म्हणालो.

गडबडीत कोंबडीच्या पायाचा दोरा सुटला होता. ती तारेखालून निघाली, मैदान पार करून, लाल बावट्याच्या खालून सरळ राधाबाईंच्या अंगणात गेली. पंजाबराव तिला हाकलू लागले, तर राधाबाई म्हणाल्या, राहू द्या, तिच्या गुळण्या झाल्या आहेत, ताप मोजला आहे, आपल्या घरात एवढी तपासलेली दुसरी कोणी नाही.

आता निकाल. मायेने स्नान केलेल्या पाण्यात उतरायला एकही सभासद तयार नाही. म्हणून सेक्रेटरी साहेबांनी पाणी काढून साथ संपेपर्यंत तलाव बंद केला. बंद तलावामुळे कोणी आजारी पडू शकत नाही, ही पहिली अट झाली. दुसरी अट तक्रारीची. तक्रार करायची तर चड्डीवर उभे राहून मरीमायच्या गाड्याला हात का लावला, हे आधी लिहावे लागते, आणि गाड्याला सगळ्यांचेच हात लागले आहेत, साहेबांचा सर्वांत पुढे. एकही तक्रार आली नाही. आज सकाळी साहेबांनी कागद दिला. तलावाचा कायम फाटकवाला. म्हणाले, की रिकाम्या तलावात आता कोणाला सोडू नकोस म्हणजे झाले. मी म्हणालो, नाही सोडणार.

तासाभराने पंजाबराव, राधाबाई आणि रंभा नारळ घेऊन आले. कणकण होती ती राधाबाईंच्या धाकट्याला, तो आता बरा आहे. मी फाटकाच्या आत होतो. पंजाबराव आत येऊ लागले आणि स्वतःच थांबले. म्हणाले, सभासद नाही रे आम्ही. मी म्हणालो, मीही नाही, त्यामुळे मला पाहुणे आणता येत नाहीत. राधाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, या दोन फाटकवाल्यांत माह्या पोरीचं लगीन उन्हातच लागणार.

रंभाने न सांगता पेला उचलला आणि गुळण्या केल्या. थर्मामीटर धरला, पारा मला दाखवला. मग पेला धुतला, भरला आणि फाटकावरून माझ्याकडे दिला. म्हणाली, इतके दिवस पाहून राहिली मी आमच्या अंगणातून. दुसऱ्याच्या रोज करवता, तुमच्या कोण करवते? मामाजी, खरेच, नियम आल्यापासून माझ्या मी एकदाही केल्या नव्हत्या. तिच्यासमोर केल्या. म्हणजे त्या दिवशी दुर्गला तिने मालगाडी पाहिली नसावी.

नारळ फाटकाच्या बरोबर मध्ये फोडला. अर्धा बाहेर पडला, अर्धा आत.

तोरण काढले, दोरा सोडला. आता हे गाव नाही, नुसता रिकामा तलाव आहे. मामी तुमच्याशी बोलू लागली असेल अशी आशा करतो. दोघांनी लग्नाला यावे, फाटक तुमच्यासाठी उघडे आहे. तलावाचे नव्हे, पंजाबरावांचे.

हिशेब कळवतो, कारण दोरा तुमच्या सांगण्यावरून बांधला. हळद व दोरा, सव्वा रुपया. पाहुणी मरीमाय, पंचवीस नये पैसे. रशियन साहेब भरायला आले होते, पण त्यांनी आई म्हणून सही केली होती, म्हणून मी माझे भरले. नारळ पंजाबरावांचा. तुमच्याकडून येणे सव्वा रुपया, तो लग्नात वळता करावा. पंजाबरावांकडून येणे एक काळी कोंबडी. रंभा म्हणते, ती येताना घेऊन येईल.

आपला आज्ञांकित
तेजराम